फाटकापाशी दिलेलं उत्तर

आमच्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेचं काम यंदा जिच्याकडे आहे तिचा फेब्रुवारीत फोन आला. मी तिला मुलगी म्हणतो, पण तिची स्वतःची मुलं हायस्कूलमध्ये आहेत.

"काका, तुमचा तो टेनिसचा लेख आम्ही परत घेतोय. 'रेषेशी इमान'. वरती फक्त चार ओळी नवीन लिहून द्या ना, म्हणजे जरा फ्रेश वाटेल."

"चार ओळींत होणार नाही," मी म्हटलं.

"मग एक पान घ्या. पण मॅक्स एक पान हं काका, जाहिराती खूप आहेत."

तो लेख आतापर्यंत दोनदा छापून आला आहे. इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या शॉमबर्ग आणि आसपासच्या जुन्या मंडळींपैकी अनेकांनी तो वाचला आहे आणि बऱ्याच जणांनी तो मुलांनाही सांगितला आहे: आपल्यातला एक माणूस भारताच्या सामन्यात रेषेवर बसला होता, आणि त्याने भारताविरुद्ध निर्णय देतानाही मागेपुढे पाहिलं नाही. लेखात सामन्याचं वर्णन खरं आहे. बाकीचं खरं नाही. आता मी त्र्याऐंशीचा आहे आणि तो लेख तिसऱ्यांदा छापला जाऊ नये म्हणून हे लिहितो आहे.

देशादेशांच्या पुरुष संघांची ती जुनी टेनिस स्पर्धा. पहिल्या दिवशी दोन एकेरी, दुसऱ्या दिवशी दुहेरी, तिसऱ्या दिवशी उलट जोड्या लावून पुन्हा दोन एकेरी. महायुद्धात ती बंद पडली होती. युद्धानंतर परत सुरू झाली तेव्हापासून माझे वडील पुण्यात तिचे निकाल वर्तमानपत्रातून कापून एका वहीत चिकटवत. स्वतः त्यांनी कधी रॅकेट हातात धरली नव्हती. भारताचा सामना असला की ते सकाळचा चहा पेपर येईपर्यंत घेत नसत. मी इथे आलो ते इंजिनिअर म्हणून, पुलांची गणितं करायला, पण ती वही मी डोक्यात घेऊन आलो होतो.

ऑफिसातला एक सहकारी शनिवारी कॉलेजच्या सामन्यांना लाइन अंपायर म्हणून जायचा. त्याच्याबरोबर एकदा गेलो आणि मला ते काम फार आवडलं. पाठीमागच्या कुंपणाशी एक घडीची खुर्ची असते. तिथे हात गुडघ्यांवर ठेवून बसायचं आणि समोर सरळ गेलेली एकच रेषा पाहायची. खेळाडू पाहायचा नाही, चेंडूमागे मान फिरवायची नाही, रेषेवर नजर लावून चेंडूची वाट पाहायची. बाहेर पडला तर ओरडून हात बाजूला करायचा. आत असेल तर दोन्ही तळवे जमिनीकडे धरायचे. आणि एक तिसरी खूण असते. मध्ये खेळाडू आला, पापणी लवली, काही झालं आणि चेंडू दिसलाच नाही, तर दोन्ही हात डोळ्यांवर धरायचे. म्हणजे मला दिसलं नाही, उंच खुर्चीतल्या पंचांनी ठरवावं. ही खूण करण्यात कमीपणा नाही, असं आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. दुसरंही एक शिकवलं होतं. आवाज चुकून निघाला तर लगेच हात वर करून 'दुरुस्ती' म्हणायचं. त्यालाही माफी असते.

आठ-नऊ वर्षं मी हे केलं. मग आमच्या भागातल्या पंचांना त्या स्पर्धेच्या एका लढतीसाठी बोलावणं आलं. यजमान अमेरिका, पाहुणे आपण. त्या काळी रेषांवर यजमान देशाचीच माणसं बसत. उंच खुर्चीतले पंच आणि मुख्य रेफरी तेवढे तिसऱ्या देशाचे. मला अमेरिकेचा नागरिक होऊन चार महिने झाले होते. आमच्या प्रमुखाने विचारलं, "तुला काही अडचण नाही ना?" मी म्हटलं, "अजिबात नाही."

आता माझ्या मित्राबद्दल. तो नागपूरचा. या देशातली पहिली दोन वर्षं आम्ही एका खोलीत काढली, एका कुकरमध्ये भात लावला. पुढे दोघांची लग्नं झाली तरी घरं दहा मिनिटांच्या अंतरावरच राहिली. त्या वर्षी तो मंडळाचा अध्यक्ष होता. सामन्याचं कळल्यावर त्यानेच दोन व्हॅन भाड्याने घेतल्या, पंधरा तिकिटं काढली, चिवड्याचे डबे भरून घेतले. त्याची मुलगी दहा वर्षांची होती. तिने कागदाचा झेंडा रंगवून बांबूच्या काडीला लावला होता. माझी बायको घरी राहिली, आमचा मुलगा तापाने फणफणला होता.

पहिल्या दिवशी एका एकेरीत आपल्या खेळाडूचा फटका माझ्या रेषेवर पडला. मी तळवे खाली धरले. निर्णय बरोबर होता, पण प्रेक्षकांतून हुर्यो झाली. संध्याकाळी पंचांच्या खोलीत प्रमुखाने माझा चष्मा हातात घेऊन उजेडात धरला. "छान आहे. कुठल्या देशाच्या बनावटीचा?" सगळे हसले. मीही हसलो. त्यांनी ते गमतीतच म्हटलं होतं, पण मला त्या संध्याकाळी जेवण गेलं नाही. हॉटेलच्या खोलीत मी ते वाक्य परत परत स्वतःशी म्हणत राहिलो.

दुसरा दिवस दुहेरीचा. सकाळपासून आभाळ भरलेलं होतं, पाऊस मात्र नव्हता. कोर्टवर कुणाची सावली पडत नव्हती. रेषा पाहायला त्याहून चांगला दिवस मिळत नाही. मला कडेची बाहेरची रेषा दिली होती. बसल्यावर मागून हाक आली, "काका." मित्र, त्याची मुलगी आणि बाकीची मंडळी बरोबर माझ्या मागे, चार-पाच ओळी वर बसली होती. मी मान वळवली नाही. बसल्यावर वळायचं नसतं. पण त्याचा अर्थ माझ्या लक्षात आला: मला जी रेषा ज्या कोनातून दिसत होती, तीच रेषा त्याच कोनातून मित्राला दिसत होती.

दोन सेट एकेक झाले. तिसऱ्यात आपल्या जोडीकडे सेटचा पॉइंट होता. समोरच्या बाजूने आपल्या खेळाडूने सरळ रेषेत फटका मारला, नेटवर आलेल्या अमेरिकन खेळाडूच्या कडेने तो माझ्याकडे आला. चेंडू जमिनीला लागायच्या आधीच माझ्या घशात शब्द तयार होता. "आउट."

चेंडू रेषेवर पडला होता. कडेला टेकला असंही नाही. रेषेच्या पांढऱ्यावर पडला आणि मी ते स्वच्छ पाहिलं.

समोरचा खेळाडू कमरेवर हात ठेवून उभा राहिला. उंच खुर्चीतल्या पंचांनी माझ्याकडे पाहिलं आणि भुवया उंचावल्या. खात्री आहे? मला तेव्हा हात वर करून दुरुस्ती म्हणता आली असती. निदान डोळ्यांवर हात धरता आले असते. माझ्या हातांना ते करायला एक सेकंदही लागला नसता. मी मान हलवली. आहे.

तोंडातून शब्द निघाला ती चूक होती. भीतीने निघाला, पण चूकच. मान हलवली ते मात्र खोटं होतं.

मागून मित्राचा आवाज आला. मराठीत. "अरे, आत होता बे तो. तुला दिसला, मला माहीत आहे तुला दिसला. हात वर कर." पंचांनी शांत राहायला सांगितलं. तो उभा राहिला. "तू माझ्याकडे पाहू नको, पण हात वर कर." तिसऱ्यांदा तो माझं नाव घेऊन ओरडला तेव्हा दोन सुरक्षारक्षक वर गेले. त्याला उतरवताना बाकांवर पाय घासल्याचे आवाज मला ऐकू येत होते. मी रेषा पाहत होतो. आपण तो सेट हरलो, पुढचाही हरलो. तो पॉइंट मिळाला असता तर लढत जिंकलो असतो असं मी म्हणत नाही. समोरचा संघ चांगला होता. मी इथे लढतीबद्दल लिहीत नाही.

सामना संपल्यावर रेफरींनी मला बोलावलं. प्रवेशाच्या फाटकापाशी मित्राला अडवून ठेवलं होतं. लोखंडी जाळीचं फाटक, मित्र पलीकडे, शेजारी त्याची मुलगी. आम्ही पंधरा-वीस पावलांवर थांबलो. रेफरी उंच, मऊ बोलणारे गृहस्थ होते. म्हणाले, "हा माणूस तुमच्याशी तुमच्या भाषेत बोलत होता. तो म्हणतो, तुम्ही त्याचे मित्र आहात. खरं असेल तर मला कळायला हवं. तुम्ही याला ओळखता?"

मुलीने मला पाहून झेंडा हलवला.

मी तिच्याकडे पाहिलं. मग रेफरींकडे पाहिलं आणि म्हणालो, "नाही. मी या माणसाला ओळखत नाही."

या उत्तराने मला काय मिळालं तेही लिहितो. तिसऱ्या दिवशी माझी रेषा माझ्याकडे राहिली. प्रमुखाने पाठीवर थाप मारली. बस, एवढंच.

पुढच्या रविवारी मंडळाच्या कार्यकारिणीची बैठक एका डॉक्टरांच्या बेसमेंटमध्ये झाली. सगळे घाबरले होते, आणि घाबरलेली माणसं फार शिस्तीत बोलतात. "आपण इथे पाहुणे आहोत." "टीव्हीवर दिसलं असेल तर?" "माझ्या बॉसने विचारलं, हे तुमचे लोक का?" "अध्यक्षानेच असं केलं तर मुलांनी काय शिकायचं?" मित्र सगळं ऐकून घेत होता. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. काही विचारलं नाही, थांबला फक्त. माझ्या हातात पोह्यांची डिश होती. मी पोह्यांतले शेंगदाणे एका कडेला लावत बसलो.

"ठीक आहे," तो म्हणाला. "राजीनामा घ्या. पोरीची उद्या टेस्ट आहे, मी निघतो."

वर्षभरात त्याने टेक्सासमध्ये नोकरी घेतली आणि प्लेनोला गेला. माझी बायको दर दिवाळीला त्याच्या बायकोला फोन करायची. मी कधी 'मला दे' म्हटलं नाही, तिनेही आग्रह केला नाही. तिला मी फाटकाची गोष्ट सांगितली नव्हती. काहीतरी आहे हे तिला कळत असावं. ती जाऊन तीन वर्षं झाली. त्याच सुमारास मित्राचीही बायको गेली, ते मला दुसऱ्यांकडून कळलं. आणि मंडळाने सामना झाला त्याच वर्षीच्या स्मरणिकेसाठी मागितला म्हणून मी 'रेषेशी इमान' लिहिला. तीन पानं. त्यात 'एका बेशिस्त प्रेक्षकाचा' उल्लेख आहे. माझ्याच हाताने लिहिलेला.

फेब्रुवारीतल्या त्या फोननंतर मी आठवडाभर काही लिहिलं नाही. मग मित्राचा नंबर मिळवला आणि लावला.

"बोल," तो म्हणाला.

"मी बोलतोय."

"ते दिसून राहिलं. आता नाव येतं फोनवर."

"तुझ्याकडे माझा नंबर आहे?"

"आहे. कशाला केला ते सांग."

"त्या सामन्याबद्दल बोलायचं होतं."

त्याच्या मागे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. "तो बॉल आत होता बे," तो म्हणाला.

"हो. आत होता."

"चला. म्हातारपणी का होईना, नजर सुधारली तुझी."

"तेवढंच नाही. फाटकापाशी त्यांनी मला विचारलं तेव्हा मी..."

"माहीत आहे. गार्डने येऊन सांगितलं होतं. सर, तो म्हणतो तो तुम्हाला ओळखत नाही. मला सर म्हणाला, भला माणूस होता."

"मग बैठकीत तू बोलला का नाहीस?"

"काय बोलू? माझा मित्र मला ओळखत नाही म्हणे, असं? ही काय सांगायची गोष्ट आहे?"

मी माफी मागायला लागलो. त्याने मला मध्येच थांबवलं. "मला नको सांगू. माझं झालं. माझ्या पोरीला सांग. तिने गाडीत विचारलं होतं, काका आपल्याशी का नाही बोलले. मी म्हटलं, त्यांच्या डोळ्यांवर ऊन होतं बाळा, त्यांनी आपल्याला पाहिलंच नाही. खोटं बोललो तिच्याशी. तुझ्यासाठी. ते तू उतरव माझ्या डोक्यावरून. आणि फोनवर नाही. इथे ये."

एप्रिलमध्ये मी गेलो. मुलगी विमानतळावर घ्यायला आली होती. ती आता बावन्न-त्रेपन्नची आहे, डॉक्टर आहे, वडील तिच्याकडेच राहतात. तिने माझी बॅग उचलली, "काका, फ्लाइट ठीक होती?" विचारलं. हायवेवर चाळीस मिनिटं ती गुडघ्यांच्या ऑपरेशनबद्दल बोलत होती आणि मी प्रत्येक एक्झिटची पाटी वाचत होतो. या एक्झिटनंतर सांगू. पुढच्या एक्झिटनंतर सांगू. घर आलं.

मित्र दारात उभा होता. वाकला आहे, पण केस माझ्यापेक्षा जास्त आहेत. हात मिळवला नाही, मिठी नाही. "जाडा झाला," म्हणाला. चहा झाला. मुलगी दोघांकडे आलटून पालटून पाहत होती. मग त्याने बूट घातले. "मी चालून येतो. वीस मिनिटं लागतात." जाताना माझ्याकडे न पाहता दार ओढून घेतलं.

ती कोशिंबिरीसाठी काकडी चोचवत होती. मी ओट्यापलीकडच्या स्टुलावर बसलो होतो. मी तिला सगळं सांगितलं, वर लिहिलं त्याच क्रमाने. चष्म्याची थट्टा, रेषेवरचा चेंडू, हललेली मान. फाटकापर्यंत आलो तशी तिची सुरी थांबली.

"तू तिथे होतीस," मी म्हटलं. "मी तुम्हाला पाहिलं होतं. रेफरीने विचारलं आणि मी नाही म्हणालो."

"आय नो, काका," ती म्हणाली. "यू लुक्ट ॲट मी. मी फ्लॅग हलवला."

"तुला आठवतं?"

"बाबा म्हणाले, ऊन होतं. काका, इट वॉज क्लाउडी. सकाळपासून. माझा स्वेटर होता अंगात. बाबांना मी कधी बोलले नाही. त्यांना वाटू दे की मला पटलं." तिने सुरी खाली ठेवली. "मला वाटलं, फ्लॅगमुळे. मी तो हलवला म्हणून तुम्ही आम्हाला ओळखलं नाही. घरी येऊन मी तो मॅट्रेसखाली ठेवला. आणि बाहेर मराठी बोलणं बंद केलं. एकदम. बाबांना वाटतं टेक्सासमुळे झालं ते."

हे मी कधी मोजलंच नव्हतं. इतकी वर्षं मी चेंडूचा विचार केला, मित्राचा केला, स्वतःचा तर फारच केला.

"झेंड्यामुळे नव्हतं," मी म्हटलं. "तू काहीच केलं नव्हतंस. मी घाबरलो होतो."

"कशाला?"

"त्यांनी मला तिथून उठवलं असतं."

"चेअरवरून?"

"हो."

तिने मान हलवली, समजल्यासारखी. या देशात पायावर पाय पडला तरी लोक 'इट्स ओके' म्हणतात. ती म्हणाली नाही. मीही अपेक्षा केली नव्हती, असं लिहावंसं वाटतं, पण केली होती.

दार वाजलं. मित्र आत येऊन बाकावर बसला, एक बूट काढला. "झालं?"

"झालं," मी म्हटलं.

"बाबा," ती म्हणाली, "इट वॉज क्लाउडी."

त्याचा हात दुसऱ्या बुटाच्या नाडीवर तसाच राहिला. तो तिच्याकडे पाहत होता आणि त्याचे ओठ हलत होते, जसं मनात काही हिशेब चालू आहे आणि तो जुळत नाही. "तुला माहीत होतं," तो शेवटी म्हणाला.

"मी दहा वर्षांची होते, बाबा. दोनची नव्हते."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही का नाही बोललात?"

त्याने बूट काढला, जोडी भिंतीला लावून ठेवली, उठला आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. त्यासाठी त्याला जरा टाचा उंच कराव्या लागल्या. मी खिडकीबाहेर पाहिलं. मग तो ओट्याशी आला. "कोशिंबिरीत मीठ घातलं का?"

"नाही अजून. पाणी सुटतं."

जेवताना मी स्मरणिकेचं सांगितलं. मित्र म्हणाला, "छाप. नावं घालू नको कोणाची. तुझंही नको. ज्यांना कळायचं त्यांना कळेल." मुलगी काही वेळ पोळीचा तुकडा हातात धरून बसली होती. म्हणाली, "तो आधीचा लेख किती पानं होता?"

"तीन."

"देन थ्री पेजेस. त्याच मॅगझिनमध्ये. एका पानात नाही, काका."

तर स्मरणिकेचं काम पाहणाऱ्या मुलीस: बाई, एका पानात हे बसलेलं नाही. 'रेषेशी इमान' कृपया छापू नका. त्याच्या जागी हे घ्या. दर वर्षी माजी अध्यक्षांची यादी छापता, त्यात त्या एका वर्षापुढे उपाध्यक्षांचं नाव येतं. ते चूक आहे. अध्यक्ष कोण होते ते मी कार्यकारिणीला वेगळं कळवलं आहे, तेवढं दुरुस्त करा. आणि जागा कमी पडलीच तर सुरुवातीचं कापा. वडिलांची वही कापा, मी टेनिसमध्ये कसा आलो ते कापा, सामनाही कापला तरी चालेल. फाटकापाशी झालेलं कापू नका.